झाडपाल्याची माहिती लिहून ठेवताना

अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातील एका गावातून हा प्रश्न आला आहे. गावात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे, झाडपाल्याचे औषध जाणणारी मोजकीच वयस्कर माणसे उरली आहेत, आणि ग्रामसभेतील काही तरुणांनी त्यांच्याकडची माहिती गोळा करून एक पुस्तिका छापायचे मनावर घेतले आहे. माहिती कशी लिहावी, छापावी की नाही, आणि त्यातले खरे किती हे कसे ठरवावे, असे त्यांनी विचारले आहे. सह्याद्रीच्या उत्तर भागातील आदिवासी गावांमधून वनस्पतींच्या अशा नोंदी करण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो असल्यामुळे उत्तर थोडे सविस्तर देतो.

नोंद जरूर करा आणि लवकर करा. मात्र ‘वनस्पतीचे नाव, कोणत्या रोगावर, कोणता भाग’ अशा तीन रकान्यांची पुस्तिका छापू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा याद्या विद्यापीठांच्या प्रबंधांत आणि जुन्या सर्वेक्षणांच्या अहवालांत शेकड्यांनी पडून आहेत. गावातल्या माणसाला त्यांचा उपयोग जवळजवळ होत नाही, कारण औषध देताना लागणारे जे काही आहे तेच नेमके त्यांतून गळालेले असते. बाहेरच्या व्यापाऱ्याला किंवा कंपनीला मात्र कोणत्या डोंगरावर काय शोधायचे याचा पत्ता त्यांतून आयता मिळतो.

गळते ते काय, हे कुड्याच्या उदाहरणावरून लक्षात येईल. आपल्या भागात पांढरा कुडा आणि काळा कुडा असे दोन्ही आहेत. दोघांनाही पांढरी फुले येतात, दोघांच्याही फांदीतून दुधासारखा चीक येतो, दोघांनाही जोडीने लांब शेंगा लागतात, आणि शिकाऊ माणूस हमखास फसतो. आमांशावर चालते ती पांढऱ्या कुड्याची साल. एका ठाकरवाडीतील जाणकार बाबांनी मला हा फरक दाखवला, तेव्हा त्यांनी पानाफुलांकडे बोटही नेले नाही. त्यांनी दोन्ही झाडांच्या शेंगा तोडून समोर धरल्या. काळ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या होत्या, पांढऱ्याच्या दोन्ही शेंगा सुट्या लोंबत होत्या. मग दोन्हींतले बी काढून एकामागून एक चावायला दिले. पांढऱ्याचे बी जिभेवरून बराच वेळ न उतरणारे कडू लागले, तर काळ्याचे त्या मानाने सौम्य होते. बाजारात ज्यांना कडू इंद्रजव आणि गोडे इंद्रजव म्हणतात, ती हीच दोन बिया. शेंगा नसतील त्या दिवसांत काय करायचे, असे विचारल्यावर त्यांनी काळ्या कुड्याचे पान तोडून खिशात ठेवायला सांगितले. वाळताना ते पान निळसर काळे पडत जाते, आणि त्यातील नीळ हेच त्याचे कारण आहे.

हे झाले फक्त ओळखण्याचे. औषध मागायला माणूस आला की हेच बाबा आधी विचारत: हगवण कधीपासून आहे, रक्त पडते का, आव पडते का, पोटात मुरडा येतो की नुसते पाण्यासारखे होते, आणि आजारी माणूस किती वयाचा आहे. पाण्यासारखे जुलाब होणाऱ्या तान्ह्या मुलाला ते कुड्याची साल देत नसत, मीठ-साखरेचे पाणी पाजत दवाखान्यात नेण्यास सांगत. साल कोणत्या जाडीच्या खोडाची घ्यायची, वरचा मेलेला खडबडीत थर खरवडून आतली साल कशी सोडवायची, ती ताकात द्यायची की पाण्यात, किती वेळा द्यायची आणि गुण आला नाही तर कधी थांबायचे, हे सगळे त्या एका औषधाचा भाग होते. तीन रकान्यांच्या यादीत यातले काय उतरले असते? ‘कुडा, हगवण, साल’ एवढेच. ज्या मुलाला ते द्यायचे नाही असे बाबांना माहीत होते, त्याच मुलाला यादी वाचणारा ते देऊन बसला असता.

साल काढण्याच्या पद्धतीचाही औषधाइतकाच विचार करावा लागतो. जुने जाणकार झाडाच्या एकाच अंगाची, बोटभर रुंदीची उभी पट्टी काढतात आणि पुढच्या वेळी दुसऱ्या झाडाकडे जातात. काही जण आदल्या दिवशी झाडापाशी तांदळाचे दाणे आणि सुपारी ठेवून त्याला आवतण देतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, सावली न पाडता, न बोलता औषध काढतात. शहरातून आलेले अभ्यासक ही अंधश्रद्धा म्हणून वहीतून वगळतात. माझ्या मते ती वगळू नये. तिच्यामागे देवाधर्माची भावना आहेच, पण तिचा व्यवहारातला परिणाम असा होतो की औषध घाईगर्दीत, ओरबाडून, पोतेभर काढले जात नाही. खोडाभोवती साल गोल सोलली की पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे जाण्याची वाट तुटते आणि झाड उभ्याउभ्या वाळते. व्यापाऱ्याच्या माणसांनी साल काढलेली झाडे आणि जाणकारांनी साल काढलेली झाडे एकाच रानात पाहिलेल्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

धोक्याच्या वनस्पतींबाबत तर अर्धी नोंद न केलेलीच बरी. कळलावी आपल्या रानात श्रावण-भाद्रपदात कुंपणावर, झुडपांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुललेली दिसते. तिचे नाव बाळंतपणाशी जोडलेले आहे आणि बहुतेक याद्यांत ‘कळलावी, सुलभ प्रसूती, कंद’ अशी नोंद सापडते. ज्या सुइणी तो कंद वापरत, त्या तो उगाळून बाहेरून लावत, आणि बाळ बाहेर येताच लेप ताबडतोब धुऊन काढत. पोटात तो कंद कधीही दिला जात नसे, कारण त्यात कोल्चिसीन हे जहाल विष असते. खाण्याचा कंद समजून तो खाल्ल्यामुळे विषबाधा होऊन माणसे दगावल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. शिवाय या वेलीला काही भागांत खड्यानाग म्हणतात, तर काही ठिकाणी बचनागही म्हणतात. आयुर्वेदातला बचनाग ही हिमालयातली निराळीच वनस्पती आहे, आणि तीही विषारीच. आज लेपाचा तो उपाय करावा असे मी सुचवत नाही. बाळंतपण दवाखान्यातच व्हावे. पण नोंद करायची असेल तर ‘पोटात द्यायचे नाही’ हे वाक्य वनस्पतीच्या नावाइतकेच ठळक असले पाहिजे.

याच कारणासाठी या उत्तरात मी कोणत्याही औषधाचे प्रमाण दिलेले नाही. ते मला ठाऊक नाही असे नव्हे, पण ते वाचून घ्यायचे नसते, समोर बसून घ्यायचे असते.

आता खरे किती, या प्रश्नाकडे वळतो. ‘सगळे खरे’ आणि ‘सगळे थोतांड’ ही दोन्ही उत्तरे आळशीपणाची आहेत. प्रत्येक औषधाचा विचार सुटा करावा लागतो. कुड्याच्या सालीतील कोनेसिन हे अल्कलॉइड (वनस्पतीत तयार होणारे एक रसायन) आमांशाच्या अमिबावर परिणाम करते हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच अभ्यासले गेले होते. सर्पगंधेच्या मुळीचे उदाहरण तर मुंबईचेच आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन केलेली निरीक्षणे १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली, १९५२ साली त्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले, आणि पुढे काही वर्षे ते जगभर रक्तदाबावरचे प्रमुख औषध होते. त्याचे दुष्परिणामही याच काळात लक्षात आले: माणूस उदास, खिन्न होतो. झाडपाल्याला दुष्परिणाम नसतात, असे ठामपणे सांगणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानात ठेवावा. जी वनस्पती शरीरावर गुण दाखवते, ती अवगुणही दाखवू शकते.

काविळीचे औषध मात्र मी दुसऱ्या गटात घालतो. गावोगाव काविळीचे औषध देणारी घराणी आहेत आणि त्यांच्याकडे रांगा लागतात. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, त्यामुळे त्या काळात जे दिले जाईल त्याला श्रेय मिळते. यातला देवडांगरीच्या फळाचा प्रकार तर थांबवलाच पाहिजे. ते फळ भिजवलेल्या पाण्याचे थेंब नाकात घालतात आणि मग नाकातून पिवळे पाणी वाहू लागते. ते पाहून कावीळ बाहेर पडली असे रुग्णाला वाटते. प्रत्यक्षात नाकाच्या आतल्या नाजूक त्वचेला झालेल्या दाहामुळे ते पाणी येत असते आणि यकृताशी त्याचा संबंध नसतो. गरोदर बाईची कावीळ, किंवा कावीळ झालेला माणूस असंबद्ध बोलू लागणे, या गोष्टी जिवावरच्या आहेत आणि तिथे तासांचा हिशेब असतो.

सर्पदंशाबद्दल तर शंकेला जागाच नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालणारी प्रतिविष लस हाच उपाय आहे. मुळी देऊन माणूस वाचल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात ऐकायला मिळतात आणि त्या सांगणारी माणसे खोटे बोलत नसतात. बरेचसे साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असे नाही, त्यामुळे अशी माणसे काहीही न देता वाचली असती. विंचवाबद्दलही असेच आहे. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने मजूर आणि मुले मरत असत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा वापर सुरू केल्यानंतर हे मृत्यू मोठ्या प्रमाणात टळू लागले. आपल्या गावातील जाणकार सर्पदंशावर औषध देत असतील तर त्यांचा अपमान न करता त्यांनाच सोबतीला घ्या. माणूस चावल्याबरोबर प्रथम त्यांच्याकडेच आणला जातो, म्हणून त्याला न हलवता, बांधाबांध न करता, वेळ न दवडता ग्रामीण रुग्णालयात पाठवण्याचा निर्णय तेच सर्वांत लवकर घेऊ शकतात. मी पाहिलेल्या कित्येक जाणत्यांनी ही भूमिका मनापासून स्वीकारलेली आहे.

एका गोष्टीकडे तरुण कार्यकर्त्यांचे हमखास दुर्लक्ष होते, म्हणून ती मुद्दाम सांगतो. माहिती घ्यायला गेलेली मुले भगताकडे किंवा नावाजलेल्या पुरुष जाणकाराकडे जातात आणि तिथेच थांबतात. पण रोजच्या वापरातली बहुतेक माहिती बायकांकडे असते आणि तिला त्या स्वतःही ‘औषध’ म्हणत नाहीत. शेवळे ही रानभाजी पहिल्या पावसात उगवते. ते तसेच शिजवले तर घसा खाजून सुजतो, म्हणून त्यात काकड या झाडाची फळे घालतात. कडू करांदे हे रानातले कंद चिरून, राखेत शिजवून, टोपलीत भरून वाहत्या पाण्यात ठेवतात, तेव्हा कुठे त्यांचा कडवटपणा आणि त्याबरोबर त्यातले अपायकारक घटक निघून जातात. विष उतरवून अन्न करण्याची ही विद्या आहे, आणि औषधाच्या ज्ञानापासून ती तोडता येत नाही. टाकळा, भारंगी, कुड्याची फुले, फोडशी या भाज्या वर्षातून एकदा तरी खाल्ल्याच पाहिजेत असा जो दंडक घरात असतो, तोही याच ज्ञानाचा भाग आहे. या नोंदी करण्यासाठी मुलींनी आणि सुनांनी चुलीजवळ बसावे. पुरुषांच्या बैठकीत या गोष्टी बोलल्याच जात नाहीत.

तसेच गुराढोरांच्या औषधांचे. राखोळ्याला आणि गुराख्याला किती औषधे माहीत असतात याची कल्पना शाळेतल्या मास्तरांनाही नसते. जखमेत किडे पडले की सीताफळाचा पाला, मोडलेल्या हाडावर हाडसांधीच्या कांड्या, सूज आली की निर्गुडी. बिब्बा गुरांनाही चालतो आणि माणसांच्या भेगांनाही, पण तो अंगावर उतला तर काय करायचे हे ज्याला माहीत आहे त्यानेच त्याला हात लावावा.

नोंदीची पद्धत सांगतो. प्रत्येक वनस्पतीचा नमुना घ्या. फूल किंवा फळ असलेली फांदी वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून ठेवा, पावसाळ्यात कागद रोज बदला, नाहीतर बुरशी लागते, आणि सोबत तारीख, ठिकाण, गावातले नाव आणि दाखवणाऱ्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवा. तो नमुना पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या किंवा आघारकर संशोधन संस्थेच्या संग्रहाशी ताडून घेता येतो. मुंबईत सेंट झेवियर महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम आहे. हा खटाटोप अनावश्यक वाटेल, पण गावातले नाव दोन खोऱ्यांत दोन वनस्पतींना असते. ‘मुसळी’ म्हटल्यावर कोणी सफेद मुसळी दाखवील, कोणी काळी मुसळी, आणि फोडशीच्या जवळच्या जाती तर एकमेकींत मिसळतातच. (बोरिवलीच्या नावावरून जिचे शास्त्रीय नाव पडले त्या सफेद मुसळीची रानातील अवस्था आज काय आहे, हा दुःखाचा वेगळा विषय आहे.) गुळवेलीबाबतही हाच घोळ होतो. करोनाच्या साथीत लोकांनी ती स्वतःच्या मनाने, महिनोन्‌महिने घेतली. त्यानंतर मुंबईतील डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आणि आयुष मंत्रालयाने गुळवेलीच्या खऱ्या जातीची गल्लत दुसऱ्या जातीशी होऊ नये म्हणून खुलासा काढला. वाद अजून चालू आहे, पण रानातून वेल तोडणारा माणूस तिची जात ओळखतो की नाही, हा प्रश्न आधी येतो.

नोंद सांगणाऱ्याच्या शब्दांत, त्याच्या बोलीत, आणि शक्यतो आवाज मुद्रित करून घ्या. एका बैठकीत सगळे विचारू नका. वनस्पती ज्या ऋतूत वापरली जाते त्या ऋतूत, ती जिथे उगवते तिथे उभे राहून विचारा. ओट्यावर बसून पन्नास नावे विचारली की माणूस कंटाळून काहीबाही सांगतो, त्यात त्याचा दोष नसतो. काय वापरतात याच्या बरोबरीने कोणाला द्यायचे नाही, कधी थांबायचे, दुसरे काय सोबत खायचे नाही, हे प्रश्न प्रत्येक वेळी विचारा. तसेच जे सांगायचे नाही असे जाणकाराने ठरवले असेल, ते लिहू नका. औषध सांगितले की त्याचा गुण जातो असे अनेक जण मानतात. ते पटो न पटो, सांगायचे की नाही हा हक्क त्यांचा आहे.

छापण्याचा प्रश्न इथूनच सुरू होतो. जैविक विविधता कायदा २००२ च्या ४१ व्या कलमानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे मुख्य काम आहे. आपल्या पंचायतीतही अशी नोंदवही कागदोपत्री तयार असण्याची शक्यता मोठी आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घालून उशीर करणाऱ्या राज्यांना दर महिना १० लाख रुपये भरण्याची ताकीद दिल्यानंतर देशभर नोंदवह्या घाईघाईने उरकल्या गेल्या. त्यांतल्या अनेक एका वहीवरून दुसरी उतरवल्यासारख्या दिसतात. माधव गाडगीळ यांनी ही कल्पना मांडली तेव्हा लोकांनी स्वतः, आपल्या हिताच्या निर्णयांसाठी, ठेवलेली चालती वही असा तिचा अर्थ होता. ग्रामपंचायतीतून ती वही मागवून वाचा. तिच्यात गावाचे काही नसेल तर समितीच्या ठरावाने ती नव्याने करता येते, आणि वेगळी पुस्तिका काढण्यापेक्षा हा मार्ग कायद्याच्या दृष्टीने बळकट आहे.

वनहक्क कायदा २००६ मधील कलम ३(१)(ट) (इंग्रजी प्रतीत हे ‘के’ अक्षराचे उपकलम आहे) जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक हक्क मान्य करते. पेटंट कायद्याच्या कलम ३(पी) प्रमाणे मुळात पारंपरिक ज्ञानच असलेल्या गोष्टीवर भारतात पेटंट मिळत नाही. परदेशात हळदीवर १९९५ साली दिलेले पेटंट भारताने जुने ग्रंथ पुढे करून १९९७ साली रद्द करून घेतले. त्यानंतर, पेटंट देणाऱ्या कार्यालयांना जुने ज्ञान ताडून पाहता यावे म्हणून, पारंपरिक ज्ञानाचा अंकीय (डिजिटल) संग्रह उभा राहिला. पण इथे एक मेख आहे. तो संग्रह आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांसारख्या पद्धतींच्या ग्रंथांवर उभा आहे. ठाकरवाडीतील आजीचे तोंडी ज्ञान कोणत्याही ग्रंथात नाही, म्हणून त्याला त्या संग्रहाचे कवच मिळत नाही. आपण ते छापले तर त्यावर कोणी नवीन शोध म्हणून दावा करू शकणार नाही, हे खरे. त्याच वेळी ते कोणालाही, काही न देता, वाचून वापरता येईल, हेही तितकेच खरे. जैविक विविधता कायद्याच्या १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ग्रंथांतील ज्ञान वापरणाऱ्यांना लाभवाटपाच्या, म्हणजे मिळकतीतला वाटा समाजाला देण्याच्या, बंधनातून बरीच सूट दिली आहे. त्यामुळे तोंडी ज्ञान आणि ग्रंथातील ज्ञान यांची हद्द कुठे आहे, यावर पुढे भांडणे होणार हे उघड आहे, आणि त्या वेळी गावाने काय लिहून ठेवले होते आणि ते कोणाच्या ताब्यात होते, हे विचारले जाईल.

लाभ वाटून घेण्याच्या बाबतीत केरळमधील काणी आदिवासींचे उदाहरण नेहमी दिले जाते, पण ते सहसा निम्मेच सांगितले जाते. डिसेंबर १९८७ मध्ये तिरुवनंतपुरमजवळच्या अगस्त्य डोंगरात सर्वेक्षणासाठी गेलेले शास्त्रज्ञ पी. पुष्पांगदन आणि त्यांचे सहकारी चालून थकले होते, आणि वाट दाखवणारे काणी तरुण मात्र ‘आरोग्यपच्चा’ या वनस्पतीची फळे खात ताजेतवाने चालत होते. मिनतवारीनंतर त्यांनी ती वनस्पती दाखवली. पालोडच्या वनस्पती उद्यान संस्थेने तिच्या पानांपासून, अश्वगंधा वगैरे मिसळून, ‘जीवनी’ नावाचे शक्तिवर्धक बनवले आणि १९९५ साली कोइमतूरच्या एका आयुर्वेदिक कंपनीला १० लाख रुपये आणि विक्रीवर २ टक्के स्वामित्वधन या बोलीवर सात वर्षांसाठी दिले. त्यातला निम्मा वाटा काणी समाजाला देण्याचे संस्थेने ठरवले, आणि त्यासाठी १९९७ साली काणींचा विश्वस्त निधी नोंदवला गेला. त्या काळात असा कोणताच कायदा नव्हता, त्यामुळे या निर्णयाचे जगभर कौतुक झाले आणि ते रास्त होते.

उरलेली निम्मी गोष्ट अशी. काणींमध्ये औषध देणाऱ्यांना ‘प्लाथी’ म्हणतात, आणि ते ज्ञान परंपरेने त्यांच्याकडेच असते. त्यांच्यापैकी काहींनी १९९५ सालीच राज्य सरकारला पत्र लिहून या व्यवहाराला विरोध केला होता, कारण माहिती देणारे तरुण प्लाथी नव्हते आणि समाजाला विचारून ती दिली गेली नव्हती. काणी वस्त्या तीन-चार पंचायतींत विखुरलेल्या होत्या आणि काहींचा या निधीशी फारसा संबंध आला नाही. वनस्पती जंगलात सावलीत वाढणारी असल्याने पाने काढण्यास वन खात्याने हरकत घेतली आणि पानांचा पुरवठाच अडखळला. पैसा देण्याची इच्छा असूनही, कोणाला विचारायचे आणि कोणाच्या वतीने कोण बोलणार, हे आधी न ठरवल्याने काय होते, हे यातून दिसते. आपल्या गावात दोन समाज आहेत. महादेव कोळ्यांनी आणि ठाकरांनी, आणि शेजारच्या पाड्यावर कातकरी असतील तर त्यांनीही, आधी आपसात बसून हे ठरवले पाहिजे.

व्यापाराचा आणखी एक प्रकार आहे, ज्यात कोणाच्या ज्ञानाची गरजच पडत नाही. सह्याद्रीच्या दक्षिणेकडील घाटांत नरक्या नावाचे झाड आहे. त्यातील कॅम्प्टोथेसिन या द्रव्यापासून कर्करोगावरची औषधे बनतात. ते द्रव्य मुळात १९६६ साली एका चिनी झाडातून अमेरिकेत शोधले गेले आणि नंतर नरक्यातही सापडले. गावाला त्याची खबर लागेपर्यंत ट्रकच्या ट्रक लाकूड घाटाखाली गेले होते. तेव्हा एखाद्या झाडाचा भाव अचानक वाढला, एखादा अनोळखी माणूस एकाच वनस्पतीची चौकशी करू लागला, तर ते ग्रामसभेत बोलण्याची सवय ठेवा. हिरड्याच्या बाबतीत आपल्याकडे ही जाण आहेच. बाळहिरडा कधी काढायचा, कोणाच्या बांधावरचा कोणाचा, भाव कोण पाडतो, हे जुन्नर-आंबेगावपासून अकोल्यापर्यंत सगळ्यांना माहीत असते. तीच नजर बाकीच्या वनस्पतींकडेही वळवायची आहे.

मग छापायचे काय? माझा सल्ला असा की एकाच वहीचे दोन भाग करा. पहिल्या भागात रानभाज्या, त्या बनवण्याच्या पद्धती, ऋतू, वनस्पतींची ओळख, विषारी वनस्पतींचे इशारे, आणि साप-विंचू चावल्यावर कुठे जायचे हे येऊ द्या. तो खुशाल छापा, शाळेत वाटा, ठाकरी बोलीतली नावे जशीच्या तशी ठेवा. दुसऱ्या भागात औषधे, त्यांची प्रमाणे, नेमकी ठिकाणे आणि सांगणाऱ्यांची नावे असतील. त्याच्या दोनच प्रती करा, एक समितीकडे आणि एक ज्यांची माहिती आहे त्यांच्यापैकी कोणाच्या तरी घरी. ती कोणाला आणि कशासाठी दाखवायची याचा निर्णय ग्रामसभेच्या ठरावाने होऊ द्या. महाविद्यालयातील विद्यार्थी प्रकल्पासाठी आले तरी त्यांना हाच नियम लावा, कारण प्रबंध ग्रंथालयात गेला की तो सर्वांसाठी खुला होतो. भ्रमणध्वनीवर काढलेली छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे समूहांमध्ये पाठवली जाणार नाहीत याचीही काळजी घ्या, कारण वही कपाटात कुलूपबंद ठेवूनही माहिती या वाटेने सहज बाहेर जाते.

शेवटचा मुद्दा वहीच्या बाहेरचा आहे. जाणकार माणसाकडे शिकायला कोणी येत नाही, ही त्यांची खरी खंत असते, आणि ती वही लिहून मिटत नाही. त्यांच्याबरोबर रानात जाणाऱ्या दोन-तीन तरुणांची, त्यांत एक तरी मुलगी असावी, ग्रामसभेने निवड करावी. त्या तरुणांची मजुरी बुडते हे लक्षात घेऊन पंचायतीच्या निधीतून किंवा गौण वनोपजाच्या उत्पन्नातून त्यांना दिवसाचे मानधन द्यावे, आणि जाणकारालाही द्यावे. माहिती देणाऱ्याला काही देऊ नये, त्यामुळे ती भ्रष्ट होते, असे सांगणारे अभ्यासक स्वतः पगार घेऊनच गावात आलेले असतात. जून महिन्यापासून सुरुवात केलीत तर शेवळे, फोडशी, कळलावी, भारंगी ही पावसाळ्यातली सगळी मंडळी ओळीने भेटतील. कुड्याच्या शेंगा पिकण्यासाठी मात्र हिवाळ्यापर्यंत थांबावे लागेल, आणि दोन कुड्यांतला फरक शिकायला तोच काळ सर्वांत सोयीचा आहे.